टाइप केलेल्या मजकुरावरून कृती सुचवणारा डेस्कटॉप सहायक कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेस्कटॉपवर एक सहायक प्रोग्रॅम हवाय. वापरणारा कुठल्याही विंडोत जे टाइप करतोय ते तो पाहील आणि पुढची कृती सुचवेल. भेटीची वेळ लिहिली की कॅलेंडरमध्ये नोंद, ‘पाठवते’ असं लिहिलं की आठवण, फाइलचं नाव आलं की ती उघडण्याची सोय. त्यासाठी कीबोर्डला हूक (प्रत्येक कळ वाटेतच पकडणारा कोड) लावून सगळ्या कळा गोळा करायच्या आणि दर काही सेकंदांनी तो मजकूर मोठ्या भाषा-मॉडेलला द्यायचा, एवढा आराखडा पुरेल का?

पुरणार नाही. कळांवरून मजकूर नीट कळत नाही, आणि मॉडेलने मजकूर बरोबर ओळखला तरी आत्ता सुचवावं की गप्प राहावं हे त्यातून ठरत नाही. असे प्रोग्रॅम लोक बंद करतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एक हिशोब मांडून बघा. टाइप करताना माणूस जिथे जिथे थांबतो, अशा २०० जागांपैकी एकाच जागी खरोखर सुचवण्याजोगं काही असतं असं धरा. आकडा माणसागणिक बदलेल, पण तो लहानच राहतो. तुमचा प्रोग्रॅम खऱ्या जागांपैकी ९० टक्के पकडतो आणि बाकीच्या जागांपैकी फक्त २ टक्के ठिकाणी चुकून उठतो. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात २०० थांब्यांमागे खऱ्या सूचना ०.९ आणि खोट्या जवळजवळ ४ येतात, म्हणजे दर पाच सूचनांपैकी चार निरुपयोगी. हेच उलटं करून पाचातल्या चार बरोबर हव्या असतील, तर चुकून उठण्याचं प्रमाण ०.११ टक्क्यांवर आणावं लागतं. मॉडेल मोठं केल्याने ही अठरा पट सुधारणा होत नाही. कृती कमी ठेवून, जागा निवडून आणि बऱ्याचदा गप्प राहूनच ती साधते.

या बाबतीत जुनी उदाहरणं उपयोगी पडतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधला क्लिपच्या रूपातला सहायक पत्राचा मायना दिसताच मदत देऊ करायचा. २००१ च्या ऑफिस एक्सपीत तो मुळात बंद ठेवून आला आणि ऑफिस २००७ मध्ये पूर्ण काढला गेला. त्याच सुमारास ॲपलच्या डेटा डिटेक्टर्सनी वेगळा मार्ग घेतला होता: वापरणाऱ्याने मजकूर निवडायचा, मेनू उघडायचा, मग त्यातल्या तारखा, पत्ते, फोन नंबर ओळखून कृती दाखवायच्या. न विचारता काहीच दाखवायचं नाही, त्यामुळे खोट्या सूचनेची किंमत जवळपास शून्य.

माझा सल्ला असा: पहिली आवृत्ती फक्त ‘मागणीवर’ चालणारी करा. मजकूर निवडा किंवा कर्सर वाक्यात ठेवा, शॉर्टकट दाबा, तीनपर्यंत कृती दिसतील. यातून दोन गोष्टी मिळतात. प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून कामाचा होतो, आणि लोक कशा प्रकारच्या वाक्यावर काय मागतात याची खरी नोंद जमा होते. आपणहून सुचवण्याचा भाग पुढे याच नोंदींवर शिकवायचा. तो भाग आधी बांधून मग नोंदी शोधत बसणं महागात पडतं.

आता मजकूर कुठून वाचायचा ते. कीबोर्ड हूकचा मोह टाळा. विंडोजमध्ये सेटविंडोजहूकएक्स या फंक्शनने लो-लेव्हल हूक लावला की संपूर्ण सिस्टीमची प्रत्येक कळ तुमच्या प्रोसेसमधून जाते. तिथे उशीर झाला तर सगळ्यांचंच टायपिंग अडखळतं आणि वारंवार उशीर झाला तर विंडोज तो हूक गुपचूप काढून टाकतं. तुम्हाला कळवतही नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या विंडोतल्या कळा साध्या हक्कांनी चालणाऱ्या प्रोग्रॅमला मिळत नाहीत. पण खरी अडचण वेगळीच आहे: माणसाने माउसने कर्सर मागे नेला, पेस्ट केलं, अनडू केलं, ऑटोकरेक्टने शब्द बदलला, यातलं काहीच कळांवरून उभं करता येत नाही. फोनेटिक पद्धतीने मराठी टाइप करणाऱ्याच्या हूकमध्ये रोमन कळा दिसतात आणि पडद्यावर देवनागरी असते. शिवाय टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, पण हूकला तो अक्षर न अक्षर मिळतो. अँटिव्हायरस अशा प्रोग्रॅमला कीलॉगर (कळा चोरून नोंदवणारा) म्हणतो, आणि त्याचं चूक नसतं.

योग्य वाट ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन रीडर ज्या मार्गाने वाचतात तीच. विंडोजवर यूआय ऑटोमेशन आहे. फोकस असलेल्या घटकाचा टेक्स्टपॅटर्न (मजकूर वाचून देणारी सोय) घ्या, सध्याची निवड किंवा कर्सरची जागा मिळवा, ती परिच्छेदापर्यंत वाढवा आणि कमाल लांबी ठरवून मजकूर मागा. ५०० अक्षरं पुरतात, अख्खं डॉक्युमेंट कधीही मागू नका. त्याच घटकाचा ‘इज पासवर्ड’ हा गुणधर्म आधी तपासा, तो खरा असेल तर तिथून पुढे जाऊच नका. हे कॉल दुसऱ्या प्रोसेसमध्ये जातात, त्यामुळे समोरचा प्रोग्रॅम अडकला तर तुमचाही थ्रेड अडकतो. वाचनासाठी वेगळा थ्रेड ठेवा आणि टाइमआउट २०० मिलिसेकंदांच्या आसपास बांधा. मॅकओएसवर त्याच कामासाठी एएक्स-यूआय-एलिमेंट आणि त्याचे ऑब्झर्व्हर (बदल कळवणारे) आहेत. ‘मूल्य बदललं’ आणि ‘निवड बदलली’ या दोन घटना ऐकल्या की काम भागतं. वापरणाऱ्याकडून ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन घ्यावी लागते. सिक्युअर इनपुट (पासवर्डच्या कळा इतर प्रोग्रॅमपासून लपवण्याची सोय) चालू असेल तेव्हा तर सहायकाने सरळ झोपावं.

लिनक्सवर त्यासाठी एटी-एसपीआय आहे, पण प्रत्येक टूलकिट (विंडो आणि बटणं बनवण्याचा संच) ते सारखं नीट पाळत नाही. वेलँडमध्ये (लिनक्सवर विंडो दाखवणारी नवी व्यवस्था) संपूर्ण सिस्टीमच्या कळा ऐकण्याची सोयच नाही. ती त्रुटी नसून मुद्दाम घातलेली भिंत आहे, तिला भगदाड पाडायला जाऊ नका. आयबस किंवा एफसीआयटीएक्स या इनपुट पद्धतींचा (कळांपासून देवनागरीसारखी लिपी उमटवणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक भाग म्हणून प्रोग्रॅम लिहिला तर कर्सरभोवतालचा मजकूर अधिकृतपणे मिळतो.

क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरचा पाया) उभे असलेले प्रोग्रॅम, म्हणजे त्यावरचे ब्राउझर आणि इलेक्ट्रॉन या चौकटीत बनवलेली चॅटची बहुतेक ॲप्स, स्क्रीन रीडर असल्याचं जाणवेपर्यंत ॲक्सेसिबिलिटीची झाडरचना (पडद्यावरच्या घटकांची फांद्यांसारखी यादी) उभीच करत नाहीत. तुमचं वाचन तिथे रिकामं येतं आणि वाटतं की कोड चुकला. ती रचना चालू करता येते, पण मोठ्या पानांवर ती प्रोसेसर खाते. म्हणून ब्राउझरसाठी वेगळं एक्स्टेन्शन लिहिलेलं बरं. ते एडिटेबल घटक थेट वाचतं आणि इनपुट पद्धतीची जुळणी (कळा जोडून अक्षर बनवण्याचं काम) चालू आहे की संपली हेही त्याला कळतं. जुळणी संपेपर्यंत मजकुराला हात लावायचा नाही, हा नियम सगळीकडे ठेवा. अर्धवट जुळलेल्या शब्दावर सूचना आली की इनपुट पद्धतीची पर्यायखिडकी आणि तुमची खिडकी एकमेकींवर चढतात.

ओळखण्याच्या भागाकडे येऊ. एकच वाक्य घेऊन शेवटपर्यंत जाऊ:

‘उद्या साडेचारला मीनलशी बजेटवर बोलायचंय, त्याआधी आकडे पाठवते.’

पहिली पायरी सफाईची. युनिकोडचं एनएफसी रूप (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं अक्षर एकसारखं करणारं) करा, पण मराठीत तेवढ्याने भागत नाही. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवलेला सापडतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, एनएफसी त्यांना एक करत नाही. ‘ॲ’ चंही तसंच. या दोन्हींसाठी स्वतःचं बदलकोष्टक ठेवा, देवनागरी आकडे आणि रोमन आकडे एका रूपात आणा, आणि मूळ मजकुरातल्या जागांचा नकाशा सांभाळा, कारण सूचना नेमक्या जागी दाखवायला तो लागतो. जागा मोजण्याचं एककही आधी ठरवा. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, तर विंडोज आणि मॅकच्या बहुतेक एपीआय युटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. इथे गोंधळ झाला की सूचना भलत्याच शब्दाखाली उगवते.

दुसरी पायरी शब्द तोडण्याची. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधण्याची लिपी) शब्दसीमेचं चिन्ह देवनागरीवर भरवशाचं नाही. पायथनच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलमध्ये मात्रा आणि हलन्त ‘शब्दातलं अक्षर’ धरले जात नाहीत, त्यामुळे ‘साडेचार’ च्या मधेच सीमा निघते. जावास्क्रिप्टमध्ये ते चिन्ह फक्त रोमन अक्षरांना ओळखतं. आयसीयू लायब्ररीचा शब्दविभाजक वापरा, तो युनिकोडच्या नियमांप्रमाणे तोडतो.

तिसरी पायरी वेळ. ‘साडेचार’ म्हणजे ४:३०, ‘सव्वाचार’ ४:१५, ‘पावणेपाच’ ४:४५, आणि ‘दीड’, ‘अडीच’ हे स्वतंत्र. ही यादी बंदिस्त आहे, हाताने लिहा. सकाळ की दुपार हे वाक्यात नसेल तर जागेपणाच्या वेळेतला पर्याय घ्या आणि सूचनेत तो स्पष्ट लिहा. ‘उद्या’ सोपं वाटतं, पण रात्री पाऊण वाजता लिहिलेलं ‘उद्या’ बऱ्याचदा झोपून उठल्यानंतरचा दिवस असतो, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे ‘आज’. ‘परवा’ दोन्ही दिशांना जातं आणि क्रियापदाशिवाय सुटत नाही: ‘परवा भेटू’ पुढे, ‘परवा भेटलो’ मागे. प्रत्ययांतही अर्थ दडलेला असतो. ‘सोमवारी’ घटनेची वेळ सांगतो, ‘सोमवारपर्यंत’ मुदत सांगतो, म्हणजे तिथे कॅलेंडरची नोंद नव्हे तर आठवण सुचवायची, आणि ‘सोमवारपासून’ ला तर कालावधीची सुरुवात समजायचं.

चौथी पायरी नावं. ‘मीनलशी’ मधून ‘शी’ तोडून ‘मीनल’ काढणं सोपं, पण सामान्यरूप होणाऱ्या नावांत हा मार्ग फसतो: ‘सुनीतेला’ मधून ‘सुनीता’ निघत नाही. उलट्या बाजूने जा. संपर्कयादीतल्या प्रत्येक नावाची सगळी रूपं आधीच तयार करा आणि आहो-कोरासिक पद्धतीच्या एका यंत्रात भरा. १,००० संपर्क आणि प्रत्येकाची ३० रूपं धरली तरी ३०,००० शब्द होतात, आणि मजकुरावरून एकदाच फिरून सगळे सापडतात. ‘प्रगती’, ‘आशा’, ‘विजय’ अशी नावं सामान्य शब्दही असतात. त्यांना एकट्याने भाव देऊ नका. शेजारी वेळ किंवा बोलण्या-भेटण्याचं क्रियापद असेल तरच धरा.

पाचवी पायरी काळ आणि नकार, आणि खोट्या सूचना सगळ्यात जास्त इथेच गाळल्या जातात. ‘बोलायचंय’, ‘भेटू’, ‘येतो’ ही पुढची गोष्ट. ‘बोलले’, ‘झाली’, ‘गेलो’ ही मागची, म्हणजे गप्प. ‘भेटायचं नाही’, ‘रद्द झाली’, ‘जमणार नाही’ दिसलं तर नवी नोंद सुचवायची नाही. जुळणारी जुनी नोंद कॅलेंडरमध्ये असेल तर ती काढण्याचं सुचवा. मेलच्या उत्तरात खाली जोडलेला समोरच्याचा मजकूर वापरणाऱ्याने लिहिलेला नसतो, तो आधीच कापून टाका.

आपल्या वाक्याचा दुसरा भाग, ‘त्याआधी आकडे पाठवते’, नियमांना जड जातो, कारण ‘त्याआधी’ चा अर्थ पहिल्या भागावर अवलंबून आहे. भाषा-मॉडेलची जागा इथे आहे: नियमांनी ‘काहीतरी आहे’ म्हटल्यावर, फक्त त्या एका परिच्छेदावर. मॉडेल मशीनवरच चालणारं घ्या. ३ अब्ज पॅरामीटरचं (आतल्या आकड्यांचं) मॉडेल प्रत्येक आकड्याला ४ बिट देऊन साठवलं की साधारण २ जीबी मेमरीत बसतं. त्याच्याकडून मुक्त मजकूर घेऊ नका. उत्तराचा साचा व्याकरणाने बांधून द्या: कृतीचं नाव ठरलेल्या यादीतूनच, आणि व्यक्ती, वेळ, विषय हा प्रत्येक रकाना मूळ वाक्यातला तुकडा म्हणूनच. उत्तर आल्यावर तो तुकडा खरोखर मूळ मजकुरात आहे का ते कोडने तपासा, नसेल तर सूचना टाकून द्या. या एका तपासणीने मॉडेलने कल्पनेतून आणलेल्या तारखा आणि नावं जवळपास संपतात. तारखेचं गणित मॉडेलला कधीच करू देऊ नका. ‘साडेचारला’ हा तुकडा त्याने दाखवावा, ४:३० तुमच्या कोडने काढावं.

मग प्रश्न उरतो, दाखवायचं की नाही. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक एरिक हॉर्विट्झ यांनी १९९९ मध्ये लुकआउट या प्रणालीबद्दल लिहिताना हा विचार नेटका मांडला होता. ती प्रणाली आउटलुकमधली मेल वाचून कॅलेंडरच्या नोंदी सुचवायची. सोप्या रूपात सूत्र असं: बरोबर असण्याची शक्यता ही तोटा भागिले (फायदा अधिक तोटा) यापेक्षा जास्त असेल तरच पुढे जा. नोंद हाताने करायला १२ सेकंद लागतात आणि खोटी सूचना ३ सेकंद लक्ष खाते असं धरलं, तर सीमा ३ भागिले १५, म्हणजे ०.२. न विचारता नोंदच करून टाकायची असेल तर चुकीची नोंद शोधून पुसायला ४५ सेकंद धरा, सीमा ०.७९ होते. मेल परस्पर पाठवण्याचा तोटा एवढा मोठा आहे की ती सीमा १ ला टेकते, आणि म्हणून ती कृती आपोआप करण्याच्या यादीतच नको.

०.२ ही ना नफा ना तोटा अशी जागा आहे, तिथे कामाला सुरुवात करायची नाही. खोट्या सूचनेचा तोटा साचत जातो: तासाभरातली पहिली खोटी सूचना खपते, चौथीला माणूस प्रोग्रॅमच बंद करतो. सोपा उपाय म्हणजे गेल्या तासात दुर्लक्षिलेल्या प्रत्येक सूचनेमागे तोटा १.५ ने गुणायचा. तीन दुर्लक्षित झाल्यावर ३ सेकंदांचे १० होतात आणि सीमा ०.२ वरून ०.४६ वर चढते. याखेरीज, आपणहून सुचवण्याची सुरुवात ०.७५ च्या खाली करू नका. पुरेशा नोंदी आल्या की कृतीनिहाय खाली आणता येतं.

हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा शक्यतेचा आकडा प्रामाणिक असतो, म्हणजे ०.८ म्हटलेल्या दहा सूचनांपैकी आठ बरोबर निघतात. भाषा-मॉडेलला ‘तुझी खात्री किती’ असं विचारून मिळालेला आकडा या कामाला उपयोगाचा नाही. कोणता नियम लागला, किती रकाने भरले, क्रियापदाचा काळ, वाक्य पूर्ण झालं का, कोणत्या प्रकारचं ॲप, एवढ्या खुणांवर एक साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (खुणांवरून शक्यता काढणारं सांख्यिकी सूत्र) बसवा. नोंदी हजाराच्या आत असताना आकडा सुधारायला सिग्मॉइड पद्धत (एस आकाराची वक्ररेषा बसवणारी) घ्या. आयसोटॉनिक पद्धत (पायऱ्यांसारखी चढती रेषा बसवणारी) थोड्या नोंदींवर आकडे पाठ करते आणि नव्या मजकुरावर घसरते.

वेळ साधणं हे वेगळं काम आहे. नियम टायपिंग ४०० मिलिसेकंद थांबलं की चालवा. दाखवणं मात्र पूर्णविराम, दंड (।), नवी ओळ किंवा सव्वा सेकंदाचा थांबा यांपैकी काहीतरी झाल्यावरच. ‘उद्या साडेचारला’ इथे थांबलेला माणूस पुढे काय लिहायचं याचा विचार करत असतो. त्या क्षणी डोळ्यांपुढे काही उमटलं की त्याचा विचार तुटतो. सूचना एकदा दिसली की तिची जागा आणि क्रम बदलू नका. नवी चांगली सूचना आली तरी जुनी जाईपर्यंत थांबा, नाहीतर माणूस एकीवर क्लिक करायला जातो आणि दुसरीवर पडतं.

सूचनेची पट्टी फोकस घेऊ न देणं ही अट मोडली तर बाकी सगळं वाया. विंडोजवर ‘नो-ॲक्टिव्हेट’ ही विंडोशैली, मॅकवर ‘नॉन-ॲक्टिव्हेटिंग’ पॅनेल. मॅकमध्ये ॲक्सेसिबिलिटीचे निर्देशांक वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात आणि विंडो मांडण्याचे खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. उभा अक्ष उलटवायला विसरलात तर पट्टी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाते. विंडोजवर वेगवेगळ्या स्केलिंगचे दोन मॉनिटर जोडून तपासा, पट्टी बहुधा तिथेच हरवते. वेलँडवर साधी विंडो स्वतःची जागा ठरवू शकत नाही, आणि लेयर-शेलची (विंडो ठरावीक जागी ठेवू देणारी) सोय नोम या डेस्कटॉपमध्ये नाही, तेव्हा तिथे इनपुट पद्धतीच्या पर्यायखिडकीतून दाखवा.

स्वीकारण्याची कळ टॅब किंवा एंटर ठेवू नका, त्या लिहिण्याच्या कळा आहेत. एस्केपही संपूर्ण सिस्टीमसाठी अडवू नका, नाहीतर खालच्या प्रोग्रॅमचे डायलॉग बंद होईनासे होतात. कंट्रोल आणि आल्टची जोडी अनेक कीबोर्ड मांडण्यांमध्ये अक्षरं टाइप करायलाच वापरतात, त्यामुळे तीही धोक्याची. शॉर्टकट बदलता यावा, आणि नोंदणी फसली (दुसऱ्या प्रोग्रॅमने तो आधीच घेतलेला असला) तर ते सांगावं. पट्टीवर ‘कॅलेंडरमध्ये घालू?’ असं मोघम लिहू नका. ‘मंगळ, १२ मार्च, दुपारी ४:३०, मीनल, बजेट’ असं लिहा. चूक असेल तर ती स्वीकारण्याआधीच दिसते, आणि रात्री पाऊण वाजताच्या ‘उद्या’ चा प्रश्नही तिथेच सुटतो.

कृतींसाठी प्रत्येकीचं एक जाहीरपत्रक लिहा: लागणारे रकाने, चुकल्यास तोटा, परत फिरवण्याची रीत, आधी दाखवायचा नमुना. परत फिरवता न येणारी कृती ‘मसुदा उघडा’ इथेच थांबली पाहिजे. कॅलेंडरची नोंद निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात निमंत्रित म्हणून मीनलचा पत्ता घातला की सर्व्हर लगेच तिला मेल पाठवू शकतो आणि ती मेल परत घेता येत नाही. नाव शीर्षकात ठेवा, निमंत्रितांमध्ये वापरणाऱ्यालाच घालू द्या. आयकॅलेंडर (कॅलेंडरच्या नोंदींचा प्रमाण साचा) फाइल लिहिणार असाल तर ओळ ७५ ऑक्टेट, म्हणजे बाइट, यांपर्यंत ठेवायची असते, म्हणजे देवनागरीची २५ चिन्हं. ओळ बाइट मोजून कापली की चिन्हाच्या मधून कापली जाते आणि काही कॅलेंडरांत चौकोन दिसतात. चिन्हाच्या सीमेवर कापा. मेलचा मसुदा ‘मेलटू’ दुव्याने उघडताना देवनागरीचं एकेक चिन्ह टक्के-चिन्हांच्या लिपीत ९ अक्षरांचं होतं. २०० चिन्हांचा मजकूर १,८०० अक्षरांचा दुवा बनतो आणि लांब दुवे काही प्रोग्रॅम अर्ध्यात तोडतात. दुव्यात विषय आणि पत्ता द्या, मजकूर क्लिपबोर्डवर ठेवण्याचा पर्याय द्या. आणि तीच सूचना पुन्हा येऊ नये म्हणून कृती, वेळ आणि व्यक्ती यांचा एक ठसा काढा. तो साध्या हॅशऐवजी (मजकुरापासून काढलेला ठरलेला आकडा) त्या सत्राच्या गुप्त किल्लीने काढा, म्हणजे ठशावरून मजकूर अंदाजाने ओळखता येणार नाही.

गोपनीयता नंतर जोडायची वस्तू नव्हे. वाचलेला मजकूर मेमरीत, ५०० अक्षरांच्या फिरत्या जागेत ठेवा, विंडो बदलली की पुसा, डिस्कवर कधीच लिहू नका. क्रॅश अहवालात मेमरीचा तुकडा जात नाही ना हे मुद्दाम तपासा, बरेच जण नेमकं हेच विसरतात. पासवर्ड मॅनेजर, टर्मिनल, रिमोट डेस्कटॉप आणि ब्राउझरच्या खासगी विंडो पहिल्यापासून वगळा. त्याहून बरं म्हणजे उलटी यादी: वापरणाऱ्याने होकार दिलेल्या ॲपमध्येच सहायक चालू असेल.

सुरक्षेचा एक धोका मॉडेलमुळे येतो. परिच्छेदात पेस्ट केलेला मजकूर दुसऱ्या कुणाचा असू शकतो आणि त्यात मॉडेलला उद्देशून हुकूम लिहिलेले असू शकतात. म्हणूनच मॉडेलला कृती करण्याचा हक्क नसावा, फक्त ठरलेल्या यादीतलं नाव आणि तुकडे परत करण्याचा असावा. फाइल उघडण्यासारख्या कृतीत मजकूर जोडून शेलची आज्ञा कधी बनवू नका. प्रोग्रॅम आणि त्याची अर्ग्युमेंट्स वेगळी द्या, आणि मार्ग वापरणाऱ्याने निवडलेल्या फोल्डरच्या आतला आहे का ते पाहा.

चाचणीसाठी बरोबर वाक्यांच्या दहापट चुकवणारी वाक्यं जमवा. ‘१०.४.२.१’ हा आयपी पत्ता, ‘आवृत्ती १.२.२०’, ‘अहवाल_२०२४-०३-१२’ ही फाइल, तक्त्यातले आकडे, प्रोग्रॅमचा कोड, मागच्या बैठकीचं इतिवृत्त. या सगळ्यांवर सहायक गप्प राहिला पाहिजे. ‘०३/०४’ सारख्या तारखेवर सिस्टीमच्या सेटिंगप्रमाणे अर्थ घ्या, पण शक्यता कमी करा. मग दोन आठवडे मूक चाचणी: प्रोग्रॅम काही दाखवत नाही, फक्त ‘इथे हे दाखवलं असतं’ याची यादी मेमरीत ठेवतो आणि दिवसाच्या शेवटी वापरणारा ती बघून बरोबर-चूक सांगतो. साठवायची ती फक्त खूण, मजकूर नाही.

मोजायच्या गोष्टी चार: टायपिंगच्या दर तासाला खोट्या सूचना, स्वीकारण्याचं प्रमाण, स्वीकारल्यावर मिनिटाच्या आत परत फिरवण्याचं प्रमाण, आणि मागणीवर मागितलेली पण आपणहून न सुचलेली कृती. तिसरा आकडा सगळ्यात बोलका आहे. लोक स्वीकारतात आणि लगेच पुसतात, म्हणजे पट्टीवरचा तपशील नीट वाचता येत नाहीये. मॉडेल बदलण्याआधी पट्टी बदला. एखाद्या कृतीच्या सूचना आठवडाभर निम्म्याहून कमी स्वीकारल्या गेल्या तर ती कृती आपोआप फक्त मागणीवर मिळणाऱ्या यादीत परत जावी, आणि सेटिंगमध्ये तिच्यासमोर ‘आपणहून सुचवणं थांबवलं’ असं लिहिलेलं दिसावं. पुन्हा चालू करण्याचं बटण वापरणाऱ्याच्या हातात राहू द्या.